पगारकपातीच्या संमतीपत्रावर ४८ तासांत सही मागितली आहे. करावी का? (वैमानिक, सोलापूर)

उजवी_सीट (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सोलापूर, बार्शी, अक्कलकोट या भागातले आम्ही काही वैमानिक एका छोट्या प्रादेशिक कंपनीत टर्बोप्रॉपवर (पंख्याच्या लहान विमानावर) उडतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कृपया कुणी विचारू नये. पाच विमानं, कॅप्टन आणि फर्स्ट ऑफिसर मिळून ६० वैमानिक. इंजिनिअर, केबिन क्रू, ग्राउंड आणि ऑफिस धरून पटावर साधारण ४०० माणसं.

मंदीमुळे प्रवासी घटले. काल पत्र आलं. फ्लाइंग अलाउन्सचे हमी तास (उडालो नाही तरी जेवढ्या तासांचा भत्ता मिळतोच ते) ७० वरून ४०. त्यापुढे जेवढं उडाल तेवढंच. दरमहा ५ दिवस बिनपगारी रजा, सगळ्यांना सक्तीची. मुदत ‘बाजार सुधारेपर्यंत’. पत्रात लिहिलंय की हा सगळ्यांनी मिळून करायचा त्याग आहे आणि प्रत्येकाचा वाटा सरासरी १५ टक्के आहे. खाली ‘मला मान्य आहे’ असं बटण, ४८ तासांची मुदत.

हिशेबासाठी फर्स्ट ऑफिसरचे गोल आकडे देतो: मूळ पगार ६०,०००, ठरलेले इतर भत्ते ४०,०००, फ्लाइंग अलाउन्स तासाला १,८०० प्रमाणे ७० तासांचे १,२६,०००. एकूण २,२६,०००. सध्या महिन्याला साधारण ४५ तास उडणं होतं.

युनियन नाही, फक्त व्हॉट्सॲप ग्रुप आहे. काही कॅप्टन म्हणतात सगळे एकदम सिक (आजारपणाची रजा) टाकू, काही म्हणतात राजीनामे देऊ. निम्मे म्हणतात सही करा, नोकरी तरी टिकेल. माझे तीन प्रश्न आहेत. सही करावी का? ६० जणांची युनियन होऊ शकते का? आणि त्याग खरंच वाटून घ्यायचा असेल तर कागदावर काय असायला हवं?

डावी_सीट

आधी तो १५ टक्क्यांचा आकडा तपासा. ४५ तासांचे १,८०० प्रमाणे ८१,०००, त्यात मूळ आणि भत्त्याचे एक लाख मिळवले की १,८१,०००. तीसपैकी पाच दिवस कापले की हातात १,५०,८३३. आधीच्या २,२६,००० मधून ७५,१६७ गेले. ही ३३ टक्के कपात झाली. कंपनीने बहुतेक फक्त बिनपगारी रजा मोजली आहे (तीसपैकी पाच दिवस म्हणजे १६-१७ टक्के) आणि हमी तास कमी करण्याला ‘पुनर्रचना’ म्हणून बाजूला ठेवलं आहे. प्रत्येकाने स्वतःच्या पगारपत्रकावर हाच हिशेब करून एका तक्त्यात भरा. पहिल्या बैठकीत भाषणं होण्याआधी हा तक्ता समोर हवा.

आता कंपनीची बाजूही प्रामाणिकपणे मांडू. पाच विमानं रोज सरासरी ९ तास उडाली तर महिन्याचे १,३५० ब्लॉक तास (विमान निघाल्यापासून थांबेपर्यंतचा वेळ). दोन सीट धरून २,७०० वैमानिक-तास. भागिले ६०, तेच तुमचे ४५. कंपनीने प्रत्येकाला ६५ तास द्यायचे ठरवले तर ४२ वैमानिकांत काम भागतं आणि १८ जण जादा ठरतात. ते अठरा म्हणजे सर्वांत नवीन, डोक्यावर प्रशिक्षणाचं कर्ज असलेले फर्स्ट ऑफिसर. म्हणून ६० जणांनी ४५-४५ तास वाटून घेणं ही मला योग्य गोष्ट वाटते. त्याला विरोध करू नका. ज्येष्ठ कॅप्टन ‘आमचे ७० तास हलवायचे नाहीत’ यावर अडून बसले तर ते १८ जणांच्या नोकऱ्यांवर बसले आहेत, हे त्यांना स्पष्ट सांगायला हवं.

पण बिनपगारी रजेचं गणित इथेच बसत नाही. तास कमी झाल्यामुळे मंदीचा भार तुमच्यावर एकदा येऊन गेला आहे. त्यावर पाच दिवसांचा पगार कापणं म्हणजे त्याच मंदीची दुसरी वसुली. शिवाय ६० जणांचे पाच दिवस म्हणजे महिन्याला ३०० मनुष्य-दिवस. ऑपरेशनमधून दहा वैमानिक काढल्यासारखंच ते आहे. ते कमी झाले की पहिली कात्री स्टँडबायला (राखीव वैमानिकांना) लागते, मग कुणी खरोखर आजारी पडला की सुट्टीवरच्या माणसाला फोन जातो. वर्षाला १,००० तासांची मर्यादा तुम्ही गाठणार नाही, पण रोस्टर विस्कळीत होऊन थकवा मात्र येईल. हा मुद्दा पगाराच्या यादीत टाकू नका, सुरक्षेच्या यादीत वेगळा मांडा.

तुम्ही बोलणीत एक गोष्ट देऊ शकता: ७० तासांचा हट्ट सोडून ४५-५० तासांची हमी मागा आणि त्या बदल्यात बिनपगारी रजा सक्तीऐवजी ऐच्छिक करायला सांगा. ज्याला घरच्या कारणाने सुट्टी हवीच आहे तो घेईल, फिरतीने. एकाच माणसाला सलग तीन-तीन महिने घरी पाठवणं कंपनीलाही महाग पडतं. ९० दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग झाली नाहीत तर रीसेन्सी (चालू सरावाची अट) जाते, सहा महिन्यांची प्रोफिशिएन्सी चेक (कौशल्य चाचणी) चुकते, मग सिम्युलेटरचा स्लॉट, प्रवास, इन्स्ट्रक्टर. वाचलेला पगार तिथे खर्च होतो.

लेबर_प्रॅक्टिस_सोलापूर

कायद्याची बाजू सांगतो. पहिली गोष्ट, सोलापुरातल्या सहायक कामगार आयुक्तांकडे अर्ज घेऊन जाऊ नका. विमानवाहतुकीसाठी समुचित सरकार (कामगार कायद्यात ज्याचा अधिकार चालतो ते) केंद्राचं असतं, त्यामुळे समेटाचं काम (मालक-कामगार वादातली मध्यस्थी) केंद्राच्या मुख्य श्रम आयुक्तांची यंत्रणा करते. राज्याच्या कार्यालयात आठवडा घालवाल आणि ते अर्ज परत करतील. याच कारणाने आपल्याकडच्या गिरण्या-कारखान्यांना माहीत असलेला १९७१ चा एमआरटीयू-पीयूएलपी हा युनियनच्या मान्यतेचा राज्याचा कायदा, त्यातली सलग सहा महिने ३० टक्के सभासदत्वाची मान्यता, हे सगळं तुम्हाला लागू नाही.

दुसरी गोष्ट, ‘पायलटला लाखात पगार, तो कसला कामगार’ हा समज खोटा आहे. कामाचं स्वरूप बघतात, पगार नाही. पगाराची मर्यादा फक्त पर्यवेक्षी काम करणाऱ्याला लागते. २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने वैमानिक हा ‘वर्कमन’ ठरतो असा निकाल दिला आहे. कंपनी उलट वाद घालेल, विशेषतः चेक पायलट आणि व्यवस्थापनात बसलेल्या कॅप्टनबद्दल. त्यामुळे संघटनेच्या अर्जावर सह्या करणाऱ्यांत चीफ पायलट, ट्रेनिंग हेड असे लोक ठेवू नका.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. तिच्यात जुन्या कायद्यातलं एक कलम शिल्लक आहे आणि तेच तुमच्या सर्वांत कामाचं आहे: वेतन, भत्ते, कामाचे तास अशा सेवाशर्ती बदलायच्या तर मालकाने आधी नोटीस द्यायची आणि २१ दिवस थांबायचं. ४८ तासांचं बटण ही त्या २१ दिवसांची पळवाट आहे. बटण दाबलं की ‘बदल लादला नाही, कर्मचाऱ्यांनीच मान्य केला’ असा पुरावा तुम्हीच तयार करून देता. नंतर ‘दबावाखाली दाबलं’ हे सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येतो.

आता युनियनचं गणित, कारण वैमानिक इथेच घसरतात. नोंदणीसाठी अर्ज करणारे सात सभासद पुरेत, पण आस्थापनेतल्या कामगारांपैकी १० टक्के किंवा १०० यांतला लहान आकडा सभासद हवा. तुमच्याकडे ४०० पैकी ४०. साठातले चाळीस वैमानिक आले तर नोंदणी होईल. पण वाटाघाटीचा हक्क वेगळा. आस्थापनेत एकापेक्षा जास्त युनियन असतील तर ज्या युनियनकडे हजेरीपटावरचे ५१ टक्के कामगार, ती एकटी वाटाघाटी करणार. ५१ कुणाकडेच नसतील तर वाटाघाटी परिषद होते आणि तिच्यात बसायला किमान २० टक्के लागतात. साठ वैमानिक म्हणजे ४०० चे १५ टक्के. सगळे साठ आले, एकही फुटला नाही, तरी परिषदेची खुर्ची मिळत नाही. उद्या ग्राउंड स्टाफची एक युनियन उभी राहिली, मग ती कंपनीच्या मर्जीतली का असेना, की तुमचं पत्र कुणी वाचणारसुद्धा नाही.

म्हणून फक्त वैमानिकांची युनियन काढू नका. इंजिनिअर आणि केबिन क्रू यांना पहिल्या दिवसापासून घ्या. २०० च्या वर सभासद गेले की चित्र बदलतं. देशपातळीवरच्या वैमानिक संघटनेचं वैयक्तिक सभासदत्व घ्यायला हरकत नाही, सल्ला आणि वकील मिळतात, पण तुमच्या कंपनीत वाटाघाटीचा हक्क त्याने आपोआप येत नाही.

पूर्वभाग_माग

मालक, राग मानू नका, पण एक विचारतो. दीड लाख हातात पडत असताना त्याग हा शब्द तुम्ही कुणासमोर वापरताय? आमच्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलची ऑर्डर थांबली की मागवाल्याला पत्रही येत नाही, ईमेलही येत नाही. पीस रेटवर काम. बीम (मागावरचा सुताचा रोळ) संपला, नवीन चढला नाही, की मजुरी बंद. हमी तास शून्य. कांडीवाली, शिवणारी, पॅकिंगवाली बाई तर हिशेबातच नसते.

तुमच्या विमानतळावरही तसंच असणार की ओ. सामान चढवणारा पोरगा ठेकेदाराचा. विमानं कमी झाली की पहिला तो घरी जातो, त्याला कुणी त्यागाचं पत्र पाठवत नाही. वकीलसाहेबांनी ४०० चा पट सांगितला, त्यात तो आहे का? नसेल तर तुमचा हिशेबच अर्धा आहे.

आणि एक गोष्ट आमच्या धंद्यातली सांगतो, ती तुम्हाला लागू पडेल. एका शेडने मजुरीचा दर पाडला आणि कामगार गप्प बसले, तर शेजारच्या शेडचा मालक पुढच्या आठवड्यात तोच दर दाखवतो. म्हणून सोलापुरात दराची भांडणं एका कारखान्यापुरती ठेवून चालत नाही, मालक संघ एका बाजूला आणि कामगार संघटना दुसऱ्या बाजूला बसून सगळ्या गावाचा दर ठरवावा लागतो. तुम्ही ४० तास मान्य केले की बाकीच्या छोट्या विमानकंपन्या तोच कागद त्यांच्या पायलटांसमोर ठेवतील. तुमची सही तुमच्यापुरती नाही.

लेबर_प्रॅक्टिस_सोलापूर

पूर्वभाग_माग अण्णांचा मुद्दा बरोबर आहे आणि त्याला स्वतंत्र जागा हवी. ठेकेदाराचे कामगार कंपनीच्या हजेरीपटावर धरले जात नाहीत, ५१ टक्क्यांत मोजले जाणार नाहीत. पण मागणीपत्रात त्यांच्यासाठी एक कलम टाकता येतं: कपातीच्या काळात ठेक्यावरच्या माणसांची मजुरी किमान वेतनाच्या खाली जाणार नाही, थकणार नाही, आणि ठेकेदाराने बुडवली तर मूळ मालक म्हणून कंपनी देईल. शेवटची जबाबदारी कायद्यातही मूळ मालकाचीच आहे. वैमानिकांनी हे मागितलं तर उद्या ग्राउंडवाले तुमच्या विरुद्ध उभे राहणार नाहीत.

खतावणी

मी हिशेबाच्या धंद्यातला आहे, विमानातला नाही, पण विमानकंपन्यांचे ताळेबंद वाचतो. वरच्या सगळ्या चर्चेत एक प्रश्न राहून गेला: कंपनी खरोखर अडचणीत आहे, की मंदीची संधी साधून खर्च कमी करते आहे? उत्तरावर तुमची भूमिका बदलते.

काही गोष्टी घरबसल्या तपासता येतात. पीएफ पासबुक बघा. मागच्या महिन्याचं अंशदान पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचं असतं. दोन महिने नोंद नाही म्हणजे रोखीची टंचाई खरी आहे. फॉर्म २६एएसमध्ये कापलेला टीडीएस दिसतो का बघा. तिमाहीने अद्ययावत होतो, त्यामुळे एका महिन्याच्या अंतराने घाबरू नका. पगारातून कापून सरकारला न भरलेला कर हा माझ्या मते सर्वांत वाईट इशारा आहे. तिसरं, विमानं भाड्याची असतील तर भाडं थकल्यावर विमानाचा मालक डीजीसीएकडे (विमानवाहतुकीच्या सरकारी नियामकाकडे) नोंदणी रद्द करण्याचा अर्ज करतो, आयडीईआरए नावाच्या अधिकारपत्राच्या आधारे. हे अर्ज डीजीसीएच्या संकेतस्थळावर दिसतात. तुमच्या विमानाचं व्हीटी-नोंदणीचिन्ह तिथे दिसलं तर पगारकपातीची चर्चा थांबवा आणि थकबाकीची कागदपत्रं जमवा. चौथं, मार्ग उडान योजनेतले (छोट्या शहरांच्या विमानसेवेला सरकारी मदत देणाऱ्या) असतील तर व्यवहार्यता तूट अनुदान साधारण तीन वर्षांसाठी असतं. ते कधी संपतंय ते विचारा. सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून विमान उडायला सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पडली आणि गोव्याची सेवा जून २०२५ मध्ये सुरू झाली. अशा नव्या मार्गांचं अर्थकारण मंदीत सर्वांत आधी डगमगतं, हे वैमानिकांनी समजून घ्यायला हवं.

आता माझं मत, डावी_सीट यांच्यापेक्षा थोडं वेगळं. विमानकंपनीचा मोठा खर्च इंधन आणि विमानांचं भाडं. भाडं डॉलरमध्ये, आणि मंदीत रुपया घसरला की तेच वाढतं. वैमानिकांचा पगार एक तृतीयांश कापून बुडणारी कंपनी तरत नाही, फार तर काही महिने मिळतात. जेट एअरवेजने ऑगस्ट २०१८ मध्ये २५ टक्क्यांपर्यंत कपात सुचवली, वैमानिकांनी नाकारली, कंपनीने मागे घेतली. नंतर पगारच थकत गेले आणि १७ एप्रिल २०१९ ला उड्डाणं थांबली. नकार दिल्याने कंपनी बुडाली असं नाही, आणि होकार दिला असता तर वाचली असती असंही ताळेबंदावरून दिसत नाही. म्हणून त्यागाच्या बदल्यात ‘कंपनी वाचेल’ हे आश्वासन किंमत म्हणून धरू नका. लेखी, मोजता येणारी गोष्ट मागा.

वर्कमन ठरण्याचा एक फायदा वकीलसाहेबांनी सांगितला नाही. दिवाळखोरी संहितेत कंपनी अवसायनात गेली तर वर्कमनची मागच्या २४ महिन्यांची थकबाकी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने धरली जाते. इतर कर्मचाऱ्यांची फक्त १२ महिन्यांची, तीही त्यांच्यानंतर. म्हणून ‘तुम्ही व्यवस्थापकीय श्रेणीत आहात’ असं वाक्य नव्या करारात कुठे घुसवलं असेल तर ते शोधा. पद मोठं वाटतं म्हणून कुणी आनंदाने सही करू नये.

ग्रॅच्युइटीबद्दलही गैरसमज दिसतो. ‘मूळ पगाराला हात लावला नाही’ एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. नव्या संहितांत वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनात मिळवतात. एकूण रक्कम खाली आली की हिशेबाचा पायाही खाली येऊ शकतो, आणि ग्रॅच्युइटी शेवटच्या वेतनावर ठरते: वेतन गुणिले १५ भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. कपातीच्या काळात कुणी निवृत्त झाला, वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरला किंवा गेला तर हिशेब कपातीपूर्वीच्या वेतनावर होईल असं एक वाक्य लिहून घ्या. कंपनीला त्याचा खर्च जवळजवळ नाही, म्हणून ते लगेच मिळतं.

डावी_सीट

खतावणी, तुमच्याशी एका बाबतीत सहमत: आश्वासन ही किंमत नाही. मग तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ, कागदावर काय हवं.

सर्वांत आधी शेवटची तारीख. ‘बाजार सुधारेपर्यंत’ हे शब्द खोडा. एअर इंडियात २०२० मध्ये हमीचे तास ७० वरून २० वर आले. कोविड ओसरला, मालक बदलला, आणि एप्रिल २०२३ मध्ये नव्या करारात ते ४० करण्यात आले. संघटनांनी सही न करण्याचं आवाहन केलं, कारण कोविडपूर्व पातळी ७० होती. परतीची अट आधी लिहिलेली नसली की जुना पगार परत मिळवणं ही नवी मागणी होऊन बसते. तुमच्या करारात लिहा: सहा महिन्यांनी कपात आपोआप संपेल, वाढवायची असेल तर पुन्हा मतदान. त्याच्या आधीही एखादा मोजता येणारा आकडा ओलांडला की परत फिरेल, समजा सलग दोन महिने वैमानिकामागे सरासरी ब्लॉक तास ६० च्या वर गेले, तर तिसऱ्या महिन्यापासून जुनी हमी. नफ्याचा आकडा ट्रिगर म्हणून घेऊ नका, तो हिशेबात हलवता येतो. ब्लॉक तास तुमच्या लॉगबुकात असतात.

पायऱ्यांनी परत येणारी कपातही चांगली. ब्रिटिश एअरवेजच्या वैमानिक संघटनेने २०२० मध्ये २० टक्क्यांपासून सुरू होणारी, दोन वर्षांत ८ टक्क्यांवर येणारी आणि पुढे शून्य होणारी कपात मान्य केली, आणि काढलं जाणार होतं त्यांतल्या ३०० जणांसाठी कमी पगाराचा राखीव गट ठेवला, उड्डाणं वाढली की परत यायला. नोकऱ्या तरीही गेल्या, पण मूळ प्रस्तावापेक्षा कितीतरी कमी.

दुसरं कलम वरच्या लोकांचं. एप्रिल २००३ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या तिन्ही युनियननी दिवाळखोरी टाळण्यासाठी मोठ्या सवलती दिल्या, वैमानिकांचा वाटा वर्षाला ६६ कोटी डॉलर, पगारात २३ टक्के कपात. मतदान झाल्यावर बाहेर आलं की वरिष्ठांना टिकून राहण्याचे बोनस ठरले होते आणि ४५ अधिकाऱ्यांच्या पेन्शनसाठी वेगळा ट्रस्ट केला होता. मुख्य अधिकारी डॉन कार्टी यांना त्याच महिन्यात जावं लागलं. पण वैमानिकांची कपात राहिली. यातून घ्यायचं ते एवढंच की मतदानाच्या आधी लेखी खुलासा मागा: संचालक आणि उपाध्यक्ष पातळीवर किती कपात, कोणते बोनस आधीच ठरलेले आहेत. वर जास्त टक्के, खाली कमी, अशी शिडी हवी. आणि खुलासा चुकीचा निघाला तर करार त्या दिवसापासून रद्द.

कपातीच्या काळात नवी भरती नाही, बाहेरच्या क्रूसह भाड्याचं विमान नाही, हेही लिहा. नाहीतर तुम्ही घरी बसाल आणि तुमचे तास दुसरा उडवेल.

पगाराऐवजी शेअर देऊ म्हणाले तर सावध. युनायटेडमध्ये १९९४ साली कर्मचाऱ्यांनी सवलतींच्या बदल्यात ५५ टक्के मालकी घेतली. डिसेंबर २००२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि ते शेअर कवडीमोल झाले. त्यापेक्षा कपातीतला अर्धा भाग ‘पुढे ढकललेला पगार’ म्हणून नोंदवून घ्या, पगारपत्रकावर दर महिन्याला त्याची बाकी छापून यायला हवी.

शेवटी, माणसं काढायचीच वेळ आली तर क्रम कसा, ते आत्ताच ठरवा. जपान एअरलाइन्सने ३१ डिसेंबर २०१० ला ८१ वैमानिक आणि ८४ केबिन क्रू काढले, निकषांत वय आणि आजारपणाच्या रजा होत्या. आजारपण निकष झालं की पुढच्या खेपेला माणूस तापात उडायला येतो. तुमच्या करारात सिक लीव्हचा रेकॉर्ड निकष म्हणून वापरता येणार नाही, असं स्पष्ट हवं.

उजवी_सीट

सर्वांचे मनापासून आभार. तक्ता भरायला घेतला आहे, इंजिनिअर आणि केबिन क्रूशी बोलणं सुरू केलंय. पण ग्रुपवर सिक टाकण्याचा आणि राजीनाम्याचा जोर वाढलाय. आणि आमचा ट्रेनिंग बॉंड (प्रशिक्षणाच्या बदल्यात ठरावीक काळ नोकरीत राहण्याचा करार) आहे, बिनपगारी रजेचे दिवस त्यात धरतात का? आणि त्या ४८ तासांचं काय करू?

लेबर_प्रॅक्टिस_सोलापूर

सिकबद्दल कडक शब्दांत सांगतो, करू नका. नव्या संहितेत एका दिवशी निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून नैमित्तिक रजा टाकणं हाही संप धरला आहे, आणि संपाला १४ दिवस आधी नोटीस लागते. ‘आम्ही नैमित्तिक नाही, आजारी रजा टाकली’ हा बचाव कोर्टात सांगत बसावं लागेल, आणि डॉक्टरचं खोटं प्रमाणपत्र थेट वैमानिकाच्या वैद्यकीय फाइलला जाऊन लागेल. जेटमध्ये सप्टेंबर २००९ मध्ये पाच दिवस सामूहिक सिक लीव्ह चालली होती, युनियन उभी केल्यावर सहकाऱ्यांना काढलं म्हणून. तिथे शेकडो वैमानिक एकत्र होते आणि काढलेले परत आले. २०१२ मध्ये एअर इंडियात ५८ दिवस संप चालला, संघटनेची मान्यता गेली, शंभराच्या आसपास वैमानिक बडतर्फ झाले, आणि त्याच कंपनीतल्या दुसऱ्या संघटनेचे वैमानिक उडत राहिले. तुम्ही साठ आहात आणि युनियन अजून कागदावरही नाही.

राजीनामाही लगेच सुटका देत नाही. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानुसार कॅप्टनला एक वर्ष आणि फर्स्ट ऑफिसरला सहा महिने नोटीस. एकदम दिलेले साठ राजीनामे म्हणजे कंपनीला हवे तेवढे स्वीकारून उरलेले लांबवण्याची मोकळीक.

बॉंडचा कागद काढून ‘सक्रिय सेवा’ किंवा ‘पगारी सेवा’ असे शब्द आहेत का बघा. असतील तर बिनपगारी दिवस वगळून बॉंड पुढे ढकलला जातो, महिन्याला ५ म्हणजे वर्षाला ६० दिवस. म्हणून करारात लिहून घ्या: सक्तीच्या रजेचे दिवस बॉंड, ज्येष्ठता, कमांड अपग्रेडची (कॅप्टन होण्याची) पात्रता आणि ग्रॅच्युइटी या सगळ्यांसाठी सेवेतच धरले जातील, त्या दिवसांत वैद्यकीय विमा आणि लॉस ऑफ लायसन्सचा (परवाना गेल्यास भरपाईचा) विमा चालू राहील, हप्ता कंपनी भरेल, रीसेन्सी आणि सिम्युलेटरचा खर्च कंपनीचा.

४८ तासांसाठी: बटण दाबू नका, पण गप्पही बसू नका. मौन म्हणजे संमती असं एखादं वाक्य त्या पत्रात खाली बारीक अक्षरांत असेल, ते शोधा. प्रत्येकाने स्वतःच्या कंपनी ईमेलवरून उत्तर पाठवायचं आणि प्रत खाजगी पत्त्यावर ठेवायची. इंग्रजीत पाठवा, आशय असा असू द्या:

‘आपलं अमुक तारखेचं पत्र मिळालं. कंपनीच्या अडचणीत वाजवी वाटा उचलण्याची माझी तयारी आहे. परंतु हा सेवाशर्तीतील बदल असल्याने कायद्याने आवश्यक नोटीस आणि सामूहिक चर्चा झाल्याशिवाय मी त्यास संमती देऊ शकत नाही. माझ्या मौनाचा किंवा कमी पगार स्वीकारण्याचा अर्थ संमती असा घेऊ नये. मागील बारा महिन्यांचे ब्लॉक तास, सर्व श्रेणींतील प्रस्तावित कपात आणि कपातीची अंतिम तारीख कळवावी.’

‘तयारी आहे’ हे वाक्य काढू नका. पुढे समेट अधिकाऱ्यासमोर फाइल उघडली की तुम्ही अडवणूक करणारे नव्हता, हे पहिल्याच कागदावर दिसतं. समेट सुरू झाला की वादातल्या मुद्द्यांवर मालकाला परवानगीशिवाय शर्ती बदलता येत नाहीत, आणि तिथे झालेला करार आस्थापनेतल्या सगळ्यांना बांधतो. बाहेर खोलीत बसून झालेला करार मात्र फक्त सही करणाऱ्यांना. म्हणून कंपनी उद्या चहाला बोलावून पाच जणांशी तोंडी मिटवू म्हणाली तर जा, ऐका, टिपण लिहा, सही तिथे करू नका.

पूर्वभाग_माग

पोरांनो, बैठकीला ग्राउंडच्या दोघा-चौघांना बोलवा. मागे उभे करू नका, खुर्चीवर बसवा. आकड्यांचा तक्ता मराठीतही छापा, त्यांची कपात त्यांना वाचता आली पाहिजे. जागा लागली तर आमच्या संघटनेचं ऑफिस रविवारी सकाळी रिकामं असतं, मेसेज टाका.